कुदळीवाचूनचे गुप्तधन

मराठवाड्यात ‘गुप्तधन’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे उभे राहणारे चित्र मनोहर नसते. अमावास्येची रात्र, पडक्या वाड्याचा ओटा किंवा माळावरचे एखादे जुने देऊळ, हाती कुदळ, सोबतीला कोणी मांत्रिक, आणि पहाटे गावाच्या दृष्टीस पडणारा उकरलेला खड्डा. या लोभापायी जुन्या शिळा फुटल्या, देवळांचे पाये खिळखिळे झाले, आणि प्रसंगी त्याहून भयंकर गोष्टीही घडल्या. २०१३ साली महाराष्ट्राने जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अमानुष कृत्यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला, यावरूनच हा रोग किती खोल गेलेला होता हे ध्यानात येते. त्यापूर्वी, इंग्रजी अमदानीत, १८७८ च्या निखात निधी कायद्याने जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन घातले होते. कायदे झाले; परंतु जमिनीखाली आपल्या दैवाचे काहीतरी दडलेले आहे, ही भावना कायद्याने जात नाही.

अशा प्रदेशात लपविलेली वस्तू शोधण्याचा एक छंद शाळा-महाविद्यालयांतून रुजवावा, असे कोणी सुचविले तर ते अनेकांना धाडसाचे वाटेल. तरीही तसे सुचविण्याची वेळ आली आहे. जगभर ‘जिओकॅशिंग’ या नावाने ओळखला जाणारा हा छंद गुप्तधनाच्या वेडाचे अगदी उलटे रूप आहे. यात खणायचे काही नसते, सापडणाऱ्या वस्तूला बाजारात किंमत नसते, आणि जो ठेवतो तो दुसऱ्याला सापडावे म्हणूनच ठेवतो. प्रश्न एवढाच की नारायणगडासारख्या ठिकाणी, जेथे लक्षावधी लोकांची श्रद्धा एकवटलेली आहे, हा छंद कोणत्या रीतीने यावा.

या छंदाचा जन्म फार जुना नाही. अमेरिकेने सोडलेल्या उपग्रहांवरून पृथ्वीवरील ठिकाण निश्चित करण्याची जी जीपीएस यंत्रणा आहे, तिच्या नागरी वापरात लष्करी कारणासाठी हेतुपुरस्सर चूक मिसळली जात असे. परिणामी सामान्य माणसाचे यंत्र शंभर मीटरांपर्यंत फसू शकत होते. १ मे २००० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्य चाळीस वर्षांचे झाले त्याच दिवशी, राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही मिसळ बंद करण्याची घोषणा केली. लगेच दोन दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर या संगणक क्षेत्रातील गृहस्थाने ऑरेगन राज्यात पोर्टलंड शहराबाहेरच्या रानात एक काळी बादली ठेवली. तीत वही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू होत्या. तिचे अक्षांश-रेखांश त्याने जाहीर केले आणि शोधणाऱ्याने एखादी वस्तू घ्यावी, एखादी ठेवावी व वहीत नोंद करावी, असे सुचविले. तीन दिवसांच्या आत ती बादली दोघांना सापडली. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक ठेवे आहेत. ‘कॅश’ या शब्दाचा येथे रोकड रकमेशी काहीही संबंध नाही. लपविणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो आलेला आहे. मराठीत ‘ठेवा’ हा शब्द त्यासाठी आधीच सिद्ध आहे.

कल्पना मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडमधील डार्टमूर या ओसाड पठारावर क्रॅनमियर पूल नावाच्या दुर्गम जागी जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ साली एक बाटली ठेवली. एवढी पायपीट करून जो तेथे पोहोचेल त्याने आपल्या नावाचे कार्ड तीत टाकावे, एवढाच हेतू होता. तेव्हा उपग्रह नव्हते. होती ती वाट चालण्याची हौस आणि आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसावरचा विश्वास. छंदाचे मर्म या दोन गोष्टींत आहे. यंत्र नंतर आले.

अखेरचे पाच मीटर

शिक्षकांनी या छंदाकडे वळून पाहावे, याला एक साधे कारण आहे. मोकळ्या आकाशाखाली आजचा साधा मोबाईल माणसाला ठेव्यापासून सुमारे पाच मीटरांपर्यंत आणून सोडतो. तेथून पुढे यंत्र मुके होते. त्या अखेरच्या पाच मीटरांत दगड, झाड, बांध, ओहोळ यांच्याकडे डोळे उघडून पाहावे लागते. कोणता दगड नैसर्गिक रीतीने पडला आहे आणि कोणता कोणीतरी हलविला आहे, कोणत्या झाडाची ढोली जुनी आहे, हे ज्याला कळते त्यालाच ठेवा सापडतो. परीक्षेच्या अभ्यासात नेमके हेच पाच मीटर गळालेले असतात.

बीड जिल्ह्यातला स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी आज ॲमेझॉनच्या उपनद्या मुखोद्गत सांगू शकतो. परंतु आपल्या गावाचा ओढा कोणत्या नदीला मिळतो, असे विचारले तर तो क्षणभर थांबतो. दोष त्याचा नाही. शिवार हे अभ्यासाचे पुस्तक आहे, असे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. अक्षांश-रेखांश म्हणजे पृथ्वीगोलावरच्या काल्पनिक रेषा, ही व्याख्या तो लिहितो आणि गुण मिळवितो. पण अक्षांशाच्या एका अंशात सुमारे १११ किलोमीटर असतात, एका मिनिटात सुमारे १,८५० मीटर आणि एका सेकंदात जेमतेम ३१ मीटर. बीडच्या जवळून जाणाऱ्या १९ अंश उत्तर अक्षवृत्तावर रेखांशाचा सेकंद मात्र २९ मीटरांच्या आसपास भरतो, कारण ध्रुवांकडे जाताना रेखांश एकमेकांजवळ येतात, हे त्याने कधी पायांनी मोजलेले नसते. शाळेच्या मैदानावर तीस पावले चालून यंत्रातला आकडा बदललेला ज्या मुलाने पाहिला, त्याला ती व्याख्या पुन्हा पाठ करावी लागणार नाही.

ज्या आकड्यांसाठी पिढ्या खपल्या ते आज खिशात आले आहेत, याचीही जाणीव विद्यार्थ्यांना असावी. भारताची त्रिकोणमितीय मोजणी १८०२ मध्ये मद्रासेजवळ सुरू करणारे विल्यम लॅम्बटन यांचे त्याच कामावर असताना १८२३ मध्ये हिंगणघाट येथे निधन झाले. त्यानंतरही दीर्घकाळ तपशीलवार नकाशे हे सरकारी कपाटातील वस्तू होऊन राहिले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने ते नागरिकांसाठी काही प्रमाणात खुले केले आणि फेब्रुवारी २०२१ मधील केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनी भूस्थानिक माहितीवरची बरीच बंधने उठविली. दार उघडले आहे, परंतु आत पाऊल टाकण्याची सवय अजून लागलेली नाही.

लपविण्याची कला

या छंदात शोधणाऱ्याचे कौतुक अधिक होते. खरी प्रतिभा मात्र लपविणाऱ्याची असते. जगात नाना तऱ्हेचे ठेवे आहेत. कोणी पोकळ लाकडात डबी बसवितो, कोणी खोटा दगड करतो, कोणी करंगळीच्या टोकाएवढी चुंबकी कुपी लोखंडी खांबाला चिकटवितो. काही ठेव्यांना एक कोडे सोडविल्याखेरीज ठिकाणच मिळत नाही. काहींत पहिला ठेवा दुसऱ्याचा पत्ता सांगतो. प्रत्येकाची अवघडता आणि वाटेचा खडतरपणा एक ते पाच अशा श्रेणीत आधी सांगितलेला असतो, म्हणजे म्हाताऱ्याने अथवा लहान मुलाने विनाकारण कड्यावर जाऊ नये. दोन ठेव्यांत किमान १६१ मीटर अंतर राखावे, खाद्यपदार्थ, शस्त्र वा स्फोटक ठेवू नये, जागेच्या मालकाची संमती घ्यावी, आणि ठेवण्यासाठी वा शोधण्यासाठी जमीन खणू नये, असे नियम आहेत. अल्मरची पहिली बादली अर्धवट पुरलेली होती. परंतु छंद वाढला तसा त्याने कुदळ स्वतःच वर्ज्य केली. गुप्तधनाच्या वेडाला आणि या छंदाला वेगळे करणारी रेषा ती हीच.

तथापि चातुर्याने लपविणे म्हणजे चांगले लपविणे नव्हे. डबी अशी दडविली की ती कोणालाच सापडू नये, तर त्यात केवळ अहंकार सिद्ध होतो. उत्तम ठेवा तो, जो शोधताना माणसाला अशा जागी नेतो की तेथे पोहोचल्यावर डबीचा विसर पडावा. बीड शहराच्या दक्षिणेला काही किलोमीटरांवर असलेली खजाना विहीर हे याचे बोलके उदाहरण ठरेल. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळात बांधलेल्या या विहिरीचे नाव खजिन्याचे, आणि तिच्यातून भुयारी वाटेने शेतांकडे गेले ते पाणी. दुष्काळी मुलुखात खजिना कशाला म्हणावे, याचे उत्तर त्या बांधणाऱ्यांनी दगडात लिहून ठेवले आहे. तेथे भिंतीच्या सांध्यात डबी कोंबणे हा गुन्हा ठरावा. पण काठावर उभे राहून पाण्याची तोंडे मोजावीत, ती कोणत्या दिशेला आहेत हे पाहावे आणि त्या उत्तरातून पुढच्या ठिकाणाचे आकडे मिळावेत, असे कोडे रचता येईल. अंबाजोगाईत मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’चा परंपरेने मानलेला शके १११० हा आकडा अशाच एखाद्या कोड्याची किल्ली होऊ शकेल. डबीवाचूनचे ठेवे ही काही भारतीय तडजोड नव्हे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या सहकार्याने २००४ पासून असे ठेवे मांडले जात आहेत, ज्यांत सापडते ती केवळ भूगर्भाची माहिती. शोधकाने खडक पाहायचा, प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि हात हलवीत परत यायचे. दख्खनचा काळा बेसाल्ट ज्या जिल्ह्यात पावलोपावली उघडा पडला आहे, त्या जिल्ह्याला प्रयोगशाळा वेगळी बांधावी लागत नाही.

गड आणि डबी

आता नारायणगडाचा विचार करू. पश्चिम महाराष्ट्रात गड म्हटला की बुरूज, तटबंदी आणि चोरदरवाजा आठवतो. बीडच्या बोलीत गड म्हणजे संतपरंपरेचे संस्थान. तेथे आठवतात ते कीर्तन, सप्ताह आणि पंगत. नगद नारायण महाराजांच्या परंपरेचा हा गड ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखला जातो. ज्यांना पंढरपूर गाठणे होत नाही, ते येथे माथा टेकतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये दसऱ्याच्या दिवशी येथे जो मेळावा झाला, त्याने या माळावर केवढा जनसमुदाय जमू शकतो हे उभ्या महाराष्ट्राने पाहिले. अशा स्थानी एखाद्या हौशी तरुणाने कौतुकाने प्लास्टिकची डबी पायथ्याच्या दगडांत सरकविली आणि गर्दीच्या दिवशी ती कोणाच्या दृष्टीस पडली तर काय होईल, याची कल्पना करणे अवघड नाही.

असे प्रकार परदेशात घडून गेले आहेत. इंग्लंडमधील वेदरबी या लहान गावात २०११ साली उपाहारगृहाबाहेर ठेवलेला एक ठेवा संशयास्पद वाटला. रस्ता मोकळा करण्यात आला आणि बॉम्बशोधक पथकाने ती डबी उडवून दिली. तिथे झाले ते हसण्यावारी नेता आले. महाराष्ट्राचा अनुभव हसण्यासारखा नाही. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्याच्या जर्मन बेकरीत जो स्फोट झाला तो एका बेवारस पिशवीतून झाला होता. तेव्हापासून ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही सूचना येथल्या मुलांच्या अंगवळणी पडली आहे, आणि ती तशीच राहिली पाहिजे. जो छंद अनोळखी डबीला हात लावायला शिकवितो, त्याने या सूचनेशी आपले नाते आधी स्पष्ट केले पाहिजे.

याहूनही गंभीर गोष्ट डबीची नव्हे, माणसाची आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरी भटक्या जमातीतील पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. त्यांचा अपराध एवढाच की ते परक्या गावात फिरत होते आणि अफवा त्यांच्या आधी तेथे पोहोचली होती. बांधाबांधाने वाकून काहीतरी शोधत फिरणारा, मध्येच मोबाईलकडे पाहणारा अनोळखी मनुष्य आजही कित्येक गावांत संशयाला पात्र ठरेल. आणि तो मनुष्य कोणत्या पेहरावाचा, कोणत्या वस्तीतला, यावर संशयाची मात्रा ठरेल. शहरातील हौशी तरुणाला हात जोडून विचारले जाईल, गरीब भटक्याला विचारलेही जाणार नाही. हे कटू असले तरी सत्य आहे, आणि छंदाचा प्रसार करणाऱ्याने त्याकडे डोळेझाक करणे बेजबाबदारपणाचे होईल.

म्हणून या छंदाला येथे यायचे असेल तर त्याने एक नियम परदेशाहून अधिक कठोरपणे पाळला पाहिजे. ठेवा शोधकापासून लपवावा, गावापासून लपवू नये. ग्रामपंचायत, पोलीस पाटील, शेताचा मालक आणि संस्थान यांना त्याची जागा ठाऊक असावी. डबी आरपार दिसणारी असावी आणि तिच्यावर ती काय आहे व कोणत्या शाळेची आहे हे ठळक मराठीत लिहिलेले असावे. गडाच्या आवारात, दर्शनाच्या वाटेवर आणि यात्रेच्या मैदानात डबी मुळीच नसावी; तेथे फक्त पाहून उत्तर देण्याचे कोडे असावे. दरवाजाचे तोंड कोणत्या दिशेला आहे, माळावरून मावळतीकडे कोणकोणत्या गावांच्या देवळांची शिखरे दिसतात, पावसाचे पाणी कोणत्या बाजूला उतरते, हे प्रश्न भाविकाला खटकणार नाहीत. कदाचित त्यालाही थांबून पाहावेसे वाटेल.

आक्षेपांचा विचार

हा पाश्चात्त्यांचा रिकामा उद्योग आहे, असे काही जण म्हणतील. परंतु लपंडाव कोणी विलायतेहून आणला नव्हता, आणि कोडी-उखाणे घालून रात्री जागविणारी खेडी येथलीच होती. स्काउटच्या शिबिरांत बाणाच्या आणि दगडांच्या खुणांवरून माग काढण्याचा खेळ अनेक शिक्षकांनी स्वतः खेळलेला आहे. नवा आहे तो केवळ आकड्यांचा पत्ता.

मुले आधीच मोबाईलमध्ये गुंतली आहेत, त्यात ही भर कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. परंतु इतर खेळ मुलाला पडद्यात ओढून घेतात आणि हा खेळ त्याला पडद्याच्या मदतीने घराबाहेर काढतो, हा भेद लहान नाही. शिवाय दहा मुलांच्या गटाला एक मोबाईल पुरतो. तो शिक्षकाच्या हाती असला तर अधिक चांगले. उरलेल्या नऊ जणांनी होकायंत्र, दोरी आणि डोळे वापरावेत.

तिसरा आक्षेप सहसा कोणी उघड बोलून दाखवीत नाही. माळावर हिंडण्याची मुभा मुलाला असते, मुलीला नसते. छंद एकेकट्याने जोपासण्याचा असेल तर तो मुलांचाच राहील. तो शाळेचा, वर्गाचा, शिक्षिकेबरोबर निघालेल्या तुकडीचा झाला, तरच मुलींच्या पायांना आपल्या गावाची सीमा माहीत होईल. या एका कारणासाठीदेखील हा छंद व्यक्तीकडे न सोपविता संस्थेकडे सोपविला पाहिजे.

या साऱ्यासाठी मोठा निधी लागत नाही, शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. भूगोलाचे एक शिक्षक, गणिताच्या एक शिक्षिका आणि गावातील एक जाणता शेतकरी एवढे एकत्र आले तरी पाच ठेव्यांची पहिली साखळी तयार होते. एक ठेवा ओढ्याच्या उगमाशी, एक जुन्या बारवेपाशी, एक गावातील सर्वांत वयस्क झाडाजवळ, एक बेसाल्टच्या उघड्या थराशी आणि अखेरचा, डबीवाचूनचा, गडावर. वर्षाच्या शेवटी वह्या गोळा कराव्यात. ज्याने ठेवा ठेवला त्याने तो नीट राखावा, पावसाळ्यानंतर तपासावा, आणि खेळ संपला की उचलून न्यावा. टाकून दिलेली डबी हा ठेवा नसतो, तो कचरा असतो.

बीड जिल्ह्यातून बाहेर पडण्याची वाट सर्वांना ठाऊक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचे कोयते घेऊन ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात, आणि परीक्षेत यश मिळविलेली मुले पुण्या-मुंबईची गाडी धरतात. गाव मागे उरते ते दाखल्यावरील जन्मस्थानाच्या रकान्यात. जो मुलूख सोडून जाण्यासाठीच मुले वाढविली जातात, त्याची ओळख त्यांना करून देण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि चार आकडे यांनी ही स्थिती पालटेल, असा दावा कोणी करणार नाही. परंतु ज्या मुलीने आपल्या शिवारातील एका दगडामागे दुसऱ्या कोणासाठी काही जपून ठेवले आहे, तिला तो दगड कोठे आहे हे उभ्या आयुष्यात विसरता येणार नाही. पिढ्यान् पिढ्या कुदळीने जे सापडले नाही, ते धन हेच असावे.